‘वकिलाचं कार्ड घ्या, पाच जण जोडा’ : कायद्याची सेवा साखळी करून विकता येते का?

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो. ‘फक्त १,९९९ रुपयांत वर्षभर वकील तुमच्या खिशात! जमिनीचा वाद, चेक बाऊन्स, घटस्फोट, पोलीस स्टेशन, काम कुठलंही असो, एक फोन करा. शिवाय पाच जणांना कार्ड द्या आणि तुमचे पैसे वसूल. पुढे प्रत्येक कार्डावर घरबसल्या कमिशन.’ खाली एक लिंक आणि काळ्या कोटातल्या माणसाचा फोटो.

मेसेज पाठवणारा अनोळखी नसतो. तो मावसभाऊ असतो, शाळेतला मित्र असतो, नाहीतर कृषी सेवा केंद्राचा मालक असतो. म्हणून लोक लिंक उघडतात.

हा मेसेज उदाहरणापुरता रचलेला आहे. पण त्यातला प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे. साबण, पावडर, आरोग्याची औषधं, गुंतवणुकीच्या स्कीम अशा कितीतरी गोष्टींच्या साखळ्या लोकांनी पाहिल्या आहेत. मग वकिलाची सेवाही अशीच, इंटरनेटवरून माणसं जोडत विकता येईल का?

थोडक्यात उत्तर : भारतात आजच्या नियमांनुसार नाही. आणि ज्या मदतीसाठी हे पैसे मागितले जातात, त्यातली बरीचशी मदत परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांना फुकट मिळू शकते. हे कसं, ते नीट समजून घेऊ.

अशी ऑफर पटते का?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. तरी पायरी चढावीच लागते. बांधावरून भांडण होतं, वारसाची नोंद अडते, भावकीत वाटणी होत नाही, पीकविम्याचे पैसे येत नाहीत, हातउसने दिलेल्या पैशांचा चेक वटत नाही. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार असल्याने जमिनीच्या मोबदल्याचा विषयही अनेक घरांत आला.

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत : परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. जिल्हा न्यायालय परभणी शहरात. उच्च न्यायालयात जायचं तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. एका तारखेसाठी दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. वकिलाची फी किती होईल, हे आधी कुणी सांगत नाही.

अशा वेळी ठरलेली रक्कम, फोनवर वकील आणि ओळखीच्या माणसाचा भरवसा या तिन्ही गोष्टी एकदम मिळत असतील, तर माणूस भुलणारच. गरज खरी आहे. घोळ आहे तो विकण्याच्या पद्धतीत.

साखळीचं गणित परभणीवर मांडून पाहा

नेटवर्क मार्केटिंग म्हणजे दुकान न टाकता माणसांच्या ओळखीतून माल किंवा सेवा विकणं. विकणाऱ्याला स्वतःच्या विक्रीवर कमिशन मिळतं आणि त्याने जोडलेल्या माणसांच्या विक्रीवरही थोडा हिस्सा मिळतो. भारतात हे सरसकट बेकायदा नाही. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आणले. कंपनीची नोंदणी, भारतात कार्यालय, तक्रार निवारण अधिकारी अशा अटी त्यात आहेत.

त्याच नियमांनी पिरॅमिड योजनेवर बंदी घातली. पिरॅमिड म्हणजे ज्यात मुख्य कमाई मालातून होत नाही, नवीन माणूस भरती केल्याबद्दल होते. ‘आणखी गिऱ्हाईकं आणा, तुमचे पैसे वसूल होतील’ असं सांगून वस्तू गळ्यात मारायलाही हे नियम मनाई करतात. वरच्या मेसेजमधलं ‘पाच जणांना कार्ड द्या आणि पैसे वसूल’ हे वाक्य पुन्हा वाचा. ते नेमकं याच मनाईत बसतं.

बंदी का, ते गणितातून कळतं. एका माणसाने पाच जण जोडले. त्या पाचांनी प्रत्येकी पाच, म्हणजे २५. पुढे १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५, ३,९०,६२५. नवव्या पायरीला १९,५३,१२५ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या होती १८,३६,०८६. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना कार्ड विकलं, तरी नववी पायरी भरत नाही.

पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच्या लोकांना पैसे मिळतात. त्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात. सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्यात जास्त लोक असतात आणि त्यांना जोडायला कुणी उरलेलं नसतं.

अशा पैसे फिरवण्याच्या योजनांविरुद्ध १९७८ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट असं त्याचं नाव. त्यात योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अमेरिकेत चालतं, मग इथे का नाही?

अशा योजनांच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा हमखास येऊ शकतो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १९७२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या एडा या गावात एक कंपनी सुरू झाली. पुढे तिचं नाव प्री-पेड लीगल सर्व्हिसेस झालं आणि २०११ पासून ती लीगलशील्ड म्हणून ओळखली जाते. दरमहा वर्गणी भरायची, त्या बदल्यात कंपनीशी करार केलेल्या वकिलांचा सल्ला मिळतो. ही सभासदत्वं विकणाऱ्या माणसांना कमिशन मिळतं आणि त्यांनी जोडलेल्या विक्रेत्यांच्या कामावरही मिळतं. म्हणजे वकिली सेवेचं नेटवर्क मार्केटिंग.

पण तिथे पाया वेगळा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, ॲरिझोना राज्यातल्या दोन वकिलांच्या खटल्यात, वकिलांना जाहिरात करण्याचा हक्क मान्य केला. तेव्हापासून तिथे वकिलांच्या जाहिराती टीव्हीवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर दिसतात.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकरांना पाठच असते. योगायोग असा की वकिलाचा खर्च आधीच भरून ठेवण्याची पद्धत जर्मनीत चांगलीच रुजलेली आहे. तिथे असंख्य कुटुंबं कायदेशीर खर्चाचा विमा काढतात. मात्र तो विमा आहे, साखळी नव्हे. विमा कंपन्यांवर सरकारी देखरेख असते आणि वकील कोण हवा, हे विमा घेणारा स्वतः ठरवू शकतो.

म्हणजे ठरावीक रकमेत कायदेशीर मदत ही कल्पना वाईट नाही. भारतात अडचण येते ती दोन ठिकाणी : वकिलाची जाहिरात आणि वकिलाच्या फीतला हिस्सा.

वकिलाला जाहिरात का करता येत नाही?

भारतात वकिली १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार चालते. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांचे आचारनियम केले. त्यातला नियम ३६ सांगतो की वकिलाने स्वतःसाठी काम मागू नये आणि जाहिरातही करू नये. पत्रक वाटून नाही, दलालामार्फत नाही, आडवळणानेही नाही. पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची हवी.

२००८ साली या नियमात थोडी मोकळीक आली. वकिलाला स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनदीचा तपशील, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करतो एवढी माहिती ठेवता येते. ‘शंभर टक्के निकाल’, ‘आजच फोन करा, सूट मिळवा’ असलं काही लिहिता येत नाही.

यामागे महाराष्ट्रातलाच एक गाजलेला खटला आठवावा लागतो. मुंबईतल्या एस्प्लनेड मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे आणि आलेल्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालायचे. कागद ओढायचे, एकमेकांपेक्षा कमी फी सांगायचे, प्रसंगी धक्काबुक्की करायचे, अशा तक्रारी होत्या. हे प्रकरण ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा होता : वकिली हा व्यापार नाही आणि पक्षकाराचं काम हा बाजारात मांडायचा माल नाही.

त्यानंतर बाजार कोर्टाच्या दारातून मोबाइलमध्ये आला. ३ जुलै २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला. जाहिरातींच्या किंवा ऑनलाइन संकेतस्थळांच्या माध्यमातून काम मागणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याबाबत राज्यांच्या बार कौन्सिलना परिपत्रक पाठवा, असं न्यायालयाने बार कौन्सिल ऑफ इंडियाला सांगितलं. अशा संकेतस्थळांवरच्या वकिलांच्या जाहिराती काढायलाही सांगितलं. पुढच्याच आठवड्यात बार कौन्सिलने त्याप्रमाणे राज्यांना सूचना धाडल्या. मार्च २०२५ मध्ये कौन्सिलने आणखी एक पत्रक काढून अभिनेते आणि सोशल मीडियावरचे इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या वकिलीच्या जाहिरातींवर ताशेरे ओढले.

या नियमावर टीकाही होते, आणि ती अगदीच चुकीची नाही. ज्याचे वडील-काका वकील, त्याच्याकडे कामं आपोआप येतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या पहिल्या पिढीच्या वकिलाने लोकांपर्यंत पोचायचं कसं? आणि पक्षकाराने फीची तुलना करायची कशी? हे प्रश्न रास्त आहेत. पण नियम बदलेपर्यंत तो लागू आहे, आणि ‘आमच्या पॅनेलवर ५०० वकील’ असं सांगत कार्ड विकणारी योजना त्या वकिलांनाही अडचणीत आणते.

दलाल जुनाच, रेफरल कोड नवा

कोर्टाच्या आवारात, तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीवर एखादा माणूस बसलेला असतो. ‘कोणतं काम आहे? माझ्या ओळखीचे वकीलसाहेब आहेत,’ असं म्हणून तो सोबत येतो. वकिलाकडून त्याला मागच्या दाराने हिस्सा मिळतो. कायद्याच्या भाषेत हा ‘टाउट’, म्हणजे दलाल.

त्याच्याविरुद्धची तरतूद फार जुनी आहे. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये अशा दलालांची व्याख्या होती. कोर्टाचं आवार, महसूल कार्यालयं, रेल्वे स्टेशनं, उतारूंच्या मुक्कामाच्या जागा, अशा ठिकाणी फिरून वकिलासाठी गिऱ्हाईक गोळा करणारा, असं तिथे लिहिलं होतं. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे तो ब्रिटिश कायदा तेव्हा इथे लागू नव्हता. आज मात्र तीच तरतूद देशभर आहे. २०२३ साली संसदेने जुना कायदा रद्द केला आणि दलालांविषयीचं कलम ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ४५ए म्हणून आणलं. ते ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झालं. उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश किंवा जिल्हाधिकारी चौकशी करून दलालांची यादी लावू शकतात. यादीत नाव असताना दलाली केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता ॲपवरच्या साखळीकडे पाहा. प्रत्येक सभासदाला एक रेफरल कोड मिळतो. त्या कोडवरून कोण आलं, हे संगणक नोंदवतो आणि कमिशन यूपीआयने खात्यात पडतं. पूर्वी रोखीत, गुपचूप व्हायचा तोच व्यवहार आता आपोआप आणि हिशोबासह होतो. रेल्वे स्टेशनची जागा व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली एवढंच.

शिवाय बार कौन्सिलचे आणखी दोन नियम आड येतात. एक : वकील आपली फी वकील नसलेल्या कुणासोबतही वाटून घेऊ शकत नाही. म्हणजे पक्षकार आणून देणाऱ्या सभासदाला वकिलाच्या फीतून टक्का देणं चालत नाही. दोन : वकील निकालावर अवलंबून फी ठरवू शकत नाही. ‘मोबदला वाढवून मिळाला की दहा टक्के द्या’ ही बोली जमिनीच्या प्रकरणांत फार आकर्षक वाटते, पण वकिलाने ती करणं नियमाविरुद्ध आहे.

१,९९९ रुपयांतले वकिलाला किती मिळणार?

एक साधा हिशोब करू. आकडे कल्पनेतले आहेत, पण पद्धत कळायला पुरेसे आहेत. कार्ड २,००० रुपयांचं धरा. वरच्या पाच पायऱ्यांना प्रत्येकी २०० रुपये कमिशन, म्हणजे १,००० गेले. ॲप, ऑफिस, मीटिंगचा हॉल, कंपनीचा नफा यात ५०० गेले. उरले ५००. त्यात वर्षभर ‘कुठलंही काम’ करायचं.

एवढ्या पैशांत कुणी वकील साक्षीपुरावे घेऊन दावा चालवेल का? बहुतेक वेळा फोनवर दहा मिनिटं बोलून ‘पुढचं वेगळं पडेल’ असं ऐकायला मिळेल. ती ‘वेगळी’ फी किती, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

खरं नुकसान पैशाचं नाही, मुदतीचं

१,९९९ रुपये गेले तर माणूस हळहळतो आणि विसरतो. कायद्यातली मुदत गेली तर मात्र ती सहजासहजी परत मिळत नाही.

चेकचंच उदाहरण घ्या. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. तरी दिले नाहीत, तर त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार करावी लागते. आता कार्डधारकाने ॲपवर ‘तिकीट’ उघडलं, चार दिवसांनी फोन आला, कागद व्हॉट्सॲपवर मागवले, मग ‘सीनियर सर बघतील’ असं सांगितलं. यात महिना कसा जातो, ते कळत नाही. नोटीस उशिरा गेली, तर हातातली केस तिथेच लंगडी होते.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. अपिलांना त्याहून फारच कमी मुदत असते. ‘आमचं काम चालू आहे’ या शब्दावर विसंबून राहिलेल्या माणसाला हे तारीख उलटून गेल्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करता येत नाही. वकिलाने गैरवर्तन केलं तर राज्याच्या बार कौन्सिलकडे जावं लागतं. महाराष्ट्रात ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. कार्ड विकणारी कंपनी मात्र वकील नसते. थेट विक्री करणारी कंपनी म्हणून ती ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते.

मग इंटरनेटचा उपयोग काय? फुकटचं जाळं

वकिलाची सेवा गावापर्यंत पोचवणारं एक जाळं आधीपासून आहे. त्यात कुणाला जोडायचं नसतं आणि कमिशनही नसतं.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. परभणीतही ते जिल्हा न्यायालयात आहे. तालुक्याच्या पातळीवर तालुका विधी सेवा समित्या असतात.

मोफत वकील कुणाला मिळतो, याची यादी कलम १२ मध्ये आहे. ती वाचली तर अनेकांना आश्चर्य वाटेल :

- कोणतीही महिला, तिचं उत्पन्न कितीही असो
- मुलं
- अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- कोठडीत असलेली व्यक्ती
- मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचा बळी ठरलेली व्यक्ती
- पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा संकटात सापडलेली व्यक्ती
- ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली व्यक्ती. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे

दुष्काळ आणि पूर हे दोन शब्द पुन्हा वाचा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. आणि घरातल्या बाईच्या नावावर जमिनीचा किंवा वारसाहक्काचा प्रश्न असेल, तर तिला उत्पन्नाचा दाखलाही आड येत नाही.

अर्ज मंजूर झाला तर वकिलाची फी, कोर्ट फी, कागद तयार करण्याचा खर्च हे सगळं प्राधिकरण पाहतं. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य मात्र असावं लागतं. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेली माहितीही नोंदवून घेतात.

इंटरनेट आणि फोनमुळे हे आणखी सोपं झालं आहे :

१५१०० : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन. मोफत कायदेशीर मदत कशी मिळेल, ते इथे विचारता येतं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

टेली-लॉ : केंद्र सरकारची २०१७ पासूनची योजना. गावातल्या सीएससी केंद्रावर जाऊन नाव नोंदवायचं, मग फोन किंवा व्हिडिओ कॉलवर पॅनेलवरचा वकील सल्ला देतो. टेली-लॉचं मोबाइल ॲपही आहे. इथे मिळतो तो कोर्टात जाण्याआधीचा सल्ला. दावा लढवायचा असेल, तर जिल्हा प्राधिकरणाकडे जावं लागतं.

ई-कोर्ट्स : प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोणते आदेश आले हे घरबसल्या आणि फुकट दिसतं. ‘तुमची केस टाकली आहे’ असं कुणी म्हणालं, तर हा क्रमांक मागा. क्रमांक देता येत नसेल, तर बहुधा केस दाखलच झालेली नसते, किंवा सांगणाऱ्याला त्याबद्दल काही माहीत नसतं.

लोक अदालत : तडजोड होण्यासारखी प्रकरणं इथे मिटतात. निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

या जाळ्यातही उणिवा आहेत. पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारं मानधन कमी असतं, काही वेळा काम रेंगाळतं, आणि फुकटचा वकील नीट लक्ष देईल का, अशी शंका लोकांना असते. काम समाधानकारक नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. साखळीच्या कार्डावर ही सोय कुठे शोधणार?

असा मेसेज आला तर काय विचारायचं?

पाठवणारा नातेवाईक असला की ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. त्यापेक्षा प्रश्न विचारणं सोपं.

१. माझं काम करणाऱ्या वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक काय? महाराष्ट्रात सनद घेतलेल्या वकिलाच्या क्रमांकात ‘एमएएच’, मग आकडा आणि वर्ष असतं. बार कौन्सिलकडे त्याची खातरजमा करता येते.

२. वकीलपत्रावर सही कोणाची असेल? वकीलपत्र हे पक्षकार आणि वकील यांच्यातलं असतं. त्यात कंपनी येत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

३. पैसे सेवेचे आहेत की माणसं जोडण्याचे? कुणालाही न जोडता हे कार्ड १,९९९ रुपयांना घ्यावंसं वाटलं असतं का?

४. कार्डात कोणतं काम धरलं आहे आणि कोणतं नाही, हे लेखी मिळेल का? पावती कोणाच्या नावाने?

५. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे आणि तक्रार अधिकारी कोण?

या पाचांतल्या दोन प्रश्नांनाही सरळ उत्तर मिळालं नाही, तर पुढे विचार करायची गरज नाही.

पैसे भरून झाले असतील तर?

आधी आपल्या मूळ कामाची मुदत पाहा. चेक, अपील, नोटीस, जे असेल त्यासाठी आजच एखाद्या वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पैशांचं नंतर बघता येईल.

मग मेसेज, लिंक, रेफरल कोड, यूपीआयची नोंद, मीटिंगचे फोटो, सगळं जपून ठेवा. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या. साखळी ऑनलाइन असल्याचा एक फायदा असा की पुरावाही ऑनलाइनच राहतो.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. थेट विक्रीच्या नियमांनुसार त्याने ४८ कामकाजी तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. काही झालं नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. पैसे ऑनलाइन फसवून काढले असतील तर लगेच १९३०. माणसं जोडण्याची योजनाच असेल तर पोलिसांकडे, जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार होऊ शकते.

आणि एक अवघड गोष्ट. ज्याने स्वतः पाच जण जोडले, त्याने त्या पाच जणांना खरं सांगायला हवं. गावात अशा योजना बुडतात तेव्हा कंपनीचा माणूस कुणाच्या दारात येत नाही. येतो तो मावसभाऊ, आणि जाब त्यालाच द्यावा लागतो. १,९९९ रुपयांवरून बोलणं बंद झालेली भावंडं पुन्हा एका पंगतीला बसायला वर्षं लागतात.

तोवर एक काम आज करता येईल. ज्या ग्रुपवर कार्डाचा मेसेज आला, त्याच ग्रुपवर १५१०० हा क्रमांक आणि कलम १२ ची यादी टाका. तो मेसेज कितीही जणांना पुढे गेला, तरी कुणाचाही रुपया बुडणार नाही.